बसऱ्याचा शिक्का

मोत्याची प्रत सांगताना मराठी घरांत आजही 'बसरा मोती' हा शब्द येतो. पणजीच्या नथीतील मोती बसऱ्याचे, असे एकदा म्हटले की त्यापुढे अधिक काही बोलण्याची गरज राहत नाही. गंमत अशी की बसऱ्याला मोती निघत नाहीत. बसरा हे आजच्या इराकमधील शत-अल-अरब नदीवरचे बंदर. समुद्रापासून बरेच आत, खजुरीच्या बागांनी वेढलेले. मोती निघत ते आखातात, मुख्यतः बहरीनभोवतीच्या उथळ पाण्यात. परंतु आखाताचा माल मुंबईच्या जवाहिऱ्यांकडे ज्या नावाने आला ते नाव बसऱ्याचे होते, आणि बाजारात एकदा रूढ झालेले नाव कोणी बदलत नाही.

मोत्यांच्या पुडीच्या आगेमागे, त्याच जलमार्गाने, आणखी एक वस्तू मुंबईस येत असे. ती म्हणजे पत्र. माल किती रवाना केला, कोणत्या भावाने, जांगड किती, रोखीचा किती, हुंडी कोणावर केली, हा सारा तपशील पत्रात असे. मोती नथीत गेले आणि टिकले. पत्रे पेढीवर राहिली; पेढी बंद झाली किंवा जागा बदलली की रद्दीत गेली. जी थोडी वाचली ती आज तिकीट-संग्राहकांच्या हाती आहेत, आणि त्यांच्यावरील एक काळा गोल शिक्का वाचण्यासाठी जाणकार मंडळी भिंग घेऊन तास न् तास बसतात.

अशा पाकिटावरचे तिकीट मात्र अगदी साधे असते. व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, अर्धा आणा किंमत, निळा रंग. हेच तिकीट त्या काळी नागपुरात, अमरावतीत, अकोल्यात कोणत्याही टपालकचेरीत मिळत होते. त्याच्यावर पडलेला शिक्का तेवढा बसऱ्याचा किंवा बगदादचा. आणि बसरा व बगदाद ही दोन्ही शहरे तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात नव्हती. ती तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानाच्या राज्यात होती. सुलतानाच्या शहरात हिंदुस्थानचे तिकीट कसे चालले, हे कोडे उलगडण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

उस्मानी सुलतानांनी सोळाव्या शतकापासून युरोपातील राष्ट्रांच्या व्यापाऱ्यांना करारांनी सवलती दिल्या होत्या. परक्या व्यापाऱ्यावर ठरावीक जकातच बसे, आणि त्याचे अनेक तंटे त्याच्याच देशाच्या वकिलापुढे चालत. देणाऱ्या सुलतानाचे राज्य बलाढ्य होते तोवर ही औदार्याची बाब होती. राज्य दुबळे झाले तशी तीच कलमे हक्क म्हणून पुढे केली जाऊ लागली. वकिलातींची डाक हा त्यांतलाच एक भाग. ऑस्ट्रिया, रशिया, फ्रान्स, इंग्लंड आणि पुढे जर्मनी व इटली यांनी इस्तंबूल, इझमीर, बैरुत, जेरुसलेम अशा शहरांत आपापल्या टपालकचेऱ्या मांडल्या. सुलतानाचे स्वतःचे टपालखाते १८४० साली सुरू झाले आणि त्याची पहिली तिकिटे १८६३ साली निघाली. परंतु परक्या व्यापाऱ्याला आपल्या देशाच्या कचेरीवर भरवसा अधिक. पत्र मध्ये कोणी उघडणार नाही, आगबोट ठरल्या दिवशी निघेल, आणि गहाळ झालेच तर तक्रार आपल्या वकिलाकडे करता येईल. एकाच शहरात पाच-सहा राष्ट्रांच्या टपालकचेऱ्या एकमेकींशी गिऱ्हाइकासाठी स्पर्धा करीत असल्याचे दृश्य टपालाच्या इतिहासात फारसे कोठे दिसत नाही. म्हणूनच या प्रदेशाच्या तिकिटांचा व शिक्क्यांचा संग्रह ही जगभर एक स्वतंत्र शाखा मानली जाते.

या यादीत हिंदुस्थानचे नाव सहसा घेतले जात नाही. वास्तविक उस्मानी राज्याच्या पूर्व टोकाला जी परकी डाक चालली, ती लंडनची नव्हती. ती हिंदुस्थानच्या टपालखात्याची होती. बहुतेक काळ तिचा कारभार मुंबई सर्कलकडे, मधली काही वर्षे सिंध सर्कलकडे होता.

१८६४ साली मस्कत आणि बुशहर येथे हिंदुस्थानी टपालकचेऱ्या उघडल्या. १८६८ च्या आरंभी बसरा आणि बगदाद यांची पाळी आली. त्याआधी १८६२ पासून ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला आखातात डाक नेण्याचा ठेका मिळालेला होता. बोट मुंबईहून निघे. कराची, मस्कत, बंदर अब्बास, लिंगा, बुशहर अशी बंदरे घेत बसऱ्याला पोहोचे. आरंभी ही फेरी सहा आठवड्यांनी एकदा होई. पुढे पंधरवड्याने आणि अखेरीस दर आठवड्याला बोट सुटू लागली. बसऱ्याहून बगदादपर्यंतचा टप्पा तैग्रिस नदीचा. तेथे लिंच बंधूंच्या कंपनीच्या चाकांच्या आगबोटी चालत. सुलतानाच्या सरकारने त्या कंपनीला नदीत दोनच बोटी चालविण्याची मुभा दिली होती, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी उतरले की त्या बोटी वाळूच्या पट्ट्यांवर रुतून बसत. बगदादच्या पत्राला उशीर का झाला, याचे उत्तर पुष्कळदा नदीच्या पाण्यात सापडते.

याच सुमारास नागपूरचीही वाट मोकळी होत होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा १८६७ साली नागपूरला पोहोचला. म्हणजे बसऱ्याच्या टपालकचेरीचे दार उघडले तेव्हा नागपूर मुंबईशी रेल्वेने जोडले जाऊन जेमतेम वर्ष झाले होते. बैलगाडीने मुंबईचा माल येण्यास जेथे आठवडे लागत, तेथे आता दोन दिवस पुरे झाले. इतवारीतील खारीक-खजुराच्या गोणीने आणि सराफ्यातील मोत्याच्या लडीने मुंबईपर्यंतचा प्रवास कोणत्या बोटीने केला हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे, पण बसऱ्याचा भाव मुंबईत उतरला की थोड्याच दिवसांत तो नागपुरातही उतरे.

आता शिक्क्याकडे वळावे, कारण संग्राहकाचे सारे लक्ष तेथेच असते. इस्तंबूलच्या इंग्रजी टपालकचेरीत १८८५ पासून इंग्रजी तिकिटांवर तुर्की नाण्यातील किंमत वरून छापण्यात येऊ लागली. ऑस्ट्रियाने तर लेव्हांटसाठी निराळी तिकिटेच काढली. ती तिकिटे कोणीही पाहताक्षणी ओळखील. बसरा-बगदादच्या तिकिटांवर असे कोणतेही चिन्ह नाही. आणा तो आणाच राहिला. १८८२ पूर्वीची 'ईस्ट इंडिया' छापलेली तिकिटे, ज्यांच्या कागदात १८६५ पासून हत्तीच्या डोक्याचे जलचिन्ह आहे; मग ताऱ्याचे जलचिन्ह असलेली 'इंडिया'ची तिकिटे; पुढे एडवर्ड बादशहा; अखेरच्या वर्षांत पंचम जॉर्ज. ही सर्व तिकिटे हिंदुस्थानात कोट्यवधींनी खपली. त्यांतील एखादे सुटे तिकीट फार मोलाचे नाही. तेच तिकीट बगदादच्या शिक्क्याचे निघाले तर त्याची जात बदलते. ही ओळख पटविणारा पुरावा शिक्का एवढाच आहे.

हा पुरावा किती नाजूक आहे हे नवशिक्या संग्राहकाला लवकर ध्यानात येत नाही. त्या काळच्या व्यवस्थेत प्रत्येक टपालकचेरीला एक क्रमांक दिलेला असे. शिक्के पुष्कळदा जोडीचे असत: एका अंगाला शहराचे नाव व तारीख असलेले वर्तुळ, दुसऱ्या अंगाला रेघांमध्ये तो क्रमांक. तिकीट रद्द करण्याचे काम क्रमांकाच्या अंगाने होई. नावाचे वर्तुळ तिकिटाच्या बाहेर, पाकिटाच्या कोऱ्या कागदावर उमटे. तेव्हा कोणी हौसेने तिकीट कापून घेतले किंवा पाण्यात भिजवून सोडविले, तर हाती राहतो केवळ अंक, आणि शहराचे नाव केराच्या टोपलीत जाते. त्यातही हे क्रमांक एकदाच ठरले असे नाही. खात्याने ते काही वर्षांनी नव्याने वाटले, त्यामुळे एकाच अंकाचा अर्थ दोन काळांत दोन गावे असा होऊ शकतो. सिंगापूरचा 'बी १७२' आणि एडनचा '१२४' हे अंक संग्राहकांना पाढ्यासारखे पाठ असतात, कारण ते विपुल आहेत. बसरा-बगदादच्या बाबतीत तसा भरवसा नाही. सुट्या अंकावर विसंबून बगदाद म्हणून घेतलेले तिकीट पुढे हिंदुस्थानातीलच एखाद्या तालुक्याचे निघाल्याचा अनुभव या छंदात नवा नाही.

नावाच्या वर्तुळातही मौज आहे. इंग्रजी अक्षरांत बसऱ्याचे नाव कधी 'बसरेह', कधी 'बसोरा', कधी 'बसरा' असे कोरलेले आढळते. बगदादच्या नावात कधी 'एच' आहे, कधी नाही. शिक्का झिजला की नवा कोरून येई आणि कोरणारा आपल्या मताने स्पेलिंग करी. या फरकांवरून पत्राचा काळ सांगणारे तज्ज्ञ आहेत. मोत्याचे पाणी पाहून तो कोणत्या थरातला हे सांगणाऱ्या जुन्या पारख्यांशीच त्यांची तुलना करता येईल.

संपूर्ण पाकीट हाती आले तर मग वाचण्यासारखे पुष्कळ असते. पुढल्या बाजूला बगदादचा शिक्का आणि तारीख. मागल्या बाजूला वाटेतल्या कचेऱ्यांचे शिक्के आणि मुंबईस पोहोचल्याचा शिक्का. दोन तारखांची वजाबाकी केली की प्रवासाचे दिवस निघतात. ते नेहमीपेक्षा जास्त आले तर नदी आटली होती, की बोट चुकली, की कोठे क्वारंटाइनमध्ये अडकली, याचा शोध सुरू होतो. पत्ता तीन-तीन लिप्यांत असू शकतो. टपालवाल्यासाठी इंग्रजीत, पेढीवरच्या मुनिमासाठी गुजरातीत, आणि पाठविणाऱ्याच्या कारकुनाच्या सवयीने अरबीत. क्वचित हिब्रू लिपीही दिसते, कारण बगदादचे ज्यू व्यापारी आपली अरबी बोली हिब्रू अक्षरांत लिहीत. पुण्याच्या ससून रुग्णालयाचे आणि मुंबईच्या ससून गोदीचे नाव ज्या घराण्यावरून पडले, त्याचे मूळ पुरुष डेव्हिड ससून हे बगदादहूनच परागंदा होऊन एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मुंबईस आले होते. त्यांच्यामागे आलेल्या बगदादी कुटुंबांचे आप्त दोन्हीकडे होते, आणि पत्रांची ये-जा पिढ्यान् पिढ्या चालली.

त्या बोटींनी घोडेही येत. अरबी घोड्यांचा मुंबईचा बाजार बसऱ्याच्या पुरवठ्यावर उभा होता. जाताना बोटीत कापड, तांदूळ, चहा, इमारती लाकूड भरलेले असे. करबला आणि नजफ येथे जाणारे हिंदी यात्रेकरू याच मार्गाने जात आणि पोहोचल्याची चिठ्ठी घरी याच टपालाने पाठवीत. १८६४ साली ग्वादरपासून फावपर्यंत समुद्रातून तारेचा दोर टाकला गेला, तेव्हापासून तातडीचा भाव तारेने कळू लागला. पण तारेला शब्दागणिक पैसे पडत. हिशेब, खुलासा, रुसवा, समजूत हे सर्व पत्रातच करावे लागे.

मुंबईच्या मोतीबाजारात गुजराती आणि जैन जवाहिऱ्यांच्या पेढ्यांचे स्थान मोठे होते. श्रीमद् राजचंद्र यांचे नाव येथे घ्यावेच लागते. १८६७ साली जन्मलेले राजचंद्र मुंबईत रेवाशंकर जगजीवन यांच्या पेढीत भागीदार होते आणि हिरे-मोत्यांची त्यांची पारख नावाजलेली होती. महात्मा गांधींनी आत्मकथेत त्यांच्याविषयी लिहिले आहे: लाखोंची उलाढाल करणारा हा गृहस्थ सौदा संपताच धर्मग्रंथ किंवा आपली वही उघडून बसे. गांधीजींना त्या वहीचे अप्रूप वाटले, आणि ते योग्यच होते. परंतु ज्या गादीवर ती वही उघडली जाई, त्या पेढ्यांवर आखाताच्या टपालाचीही वाट पाहिली जात होती. त्या वहीतील चिंतन पुढे ग्रंथरूपाने जपले गेले. अशा पेढ्यांच्या पत्रव्यवहाराला मात्र जपणारा कोणी मिळाला नाही.

हा भेद जैन व्यापारी समाजाच्या बाबतीत विशेष खटकणारा आहे. कागद कसा टिकवावा हे या समाजाइतके क्वचितच कोणाला कळले असेल. विदर्भातील कारंजा लाडच्या मंदिरांतील शास्त्रभांडारांनी शतकानुशतके हस्तलिखिते सांभाळली. तेथूनच मिळालेले अपभ्रंश ग्रंथ विसाव्या शतकात डॉ. हिरालाल जैन यांनी संपादून प्रकाशात आणले, आणि त्या भाषेच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. श्रुतपंचमीला किंवा ज्ञानपंचमीला ग्रंथ बाहेर काढावेत, धूळ झाडावी, कसर लागली आहे का पाहावे, नवे वेष्टन बांधावे, ही रीत घराघरांत आहे. पण हीच काळजी माडीवरच्या बासनांच्या वाट्याला येत नाही. रोजमेळ आणि खतावणी निदान लक्ष्मीपूजनाला पाटावर आलेल्या असतात, म्हणून त्यांना टाकताना हात अडखळतो. पत्रांना तेवढाही मान नाही. वाटणी झाली, जुना वाडा पाडायचा ठरला, की पत्रांची गाठोडी प्रथम बाहेर पडतात आणि रद्दीवाला ती किलोने नेतो. त्याआधी घरातील एखाद्या मुलाने तिकिटे कापून वहीत डकविली असली, तर वर सांगितल्याप्रमाणे नावाचे वर्तुळही गेलेले असते. ती वही कौतुकाने जपली जाते आणि तिच्यातील प्रत्येक तिकीट मुके असते.

पेढीच्या पत्रांना आणखी एक खूण असते. आलेले पत्र वाचून, उत्तर देऊन झाले की मुनीम ते भिंतीजवळच्या लोखंडी तारेत टोचून ठेवी. वर्षअखेरीस तार भरली की गठ्ठा बांधला जाई. त्यामुळे हिंदुस्थानातील व्यापारी पाकिटांच्या मधोमध एक भोक आढळते. विलायती लिलावांच्या यादीत त्याचा उल्लेख दोष म्हणून होतो आणि किंमत कमी धरली जाते. येथील जाणकाराला ते भोक पाहून बरे वाटावे. ते पत्र खऱ्या पेढीवर गेले, वाचले गेले आणि निकालात निघाले, याची ती पावती आहे. संग्राहकाच्या हौसेसाठी मुद्दाम शिक्के मारून घेतलेल्या पाकिटाला असे भोक नसते. ते बुजविण्यासाठी चिकटपट्टी लावणारे लोक आहेत. त्या पट्टीच्या डिंकाने दहा-वीस वर्षांत कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि जे नुकसान तारेने केले नाही ते पट्टी करते.

नागपुरात या छंदाची सुरुवात बहुतेकांची सिव्हिल लाइन्समधील जीपीओत होते. ती जुनी देखणी इमारत टपालखात्याने २०१० साली वारसा टपाल-इमारतींच्या तिकीटमालेत घेतली आहे. तेथील फिलाटेली विभागात नवी तिकिटे मिळतात. बसरा-बगदादसारखी जुनी मिळवायची तर अन्य संग्राहक, व्यापारी आणि लिलाव हाच मार्ग, आणि त्या मार्गावर सावध राहावे लागते. साध्या तिकिटाची किंमत शिक्क्याने वाढते, म्हटल्यावर शिक्काच बनविणारे निघणार हे ओघाने आले. अस्सल तिकिटावर नकली शिक्का ही या शाखेतील जुनी लबाडी आहे. शाईचा रंग फार काळा व ताजा असेल, शिक्का तिकिटावर नेमका मध्यभागी व पूर्ण उमटलेला असेल, किंवा शिक्क्याची तारीख तिकीट छापण्याच्या आधीची असेल, तर सौदा करू नये. तारखेची चूक लबाडांकडून आश्चर्य वाटावे इतक्या वेळा होते. पूर्ण पाकीट, त्याच्या पाठीवरील शिक्के आणि जुळणाऱ्या तारखा यांची नक्कल करणे कितीतरी अवघड. या कारणानेही सुट्या तिकिटापेक्षा फाटके पाकीट बरे.

परिग्रहाचे प्रमाण बांधून घेतलेल्या घरांत संग्रहाच्या छंदाकडे थोडे संशयाने पाहिले जाते. तो संशय अगदीच अनाठायी नाही. तिकिटांपायी घरखर्च विसरणारे महाभाग होऊन गेले आहेत. मात्र आपल्याच घरातून बाहेर चाललेला कागद थांबवून ठेवण्यास पैसाही लागत नाही आणि लोभही.

टपालाच्या या व्यवस्थेची एक दुसरी बाजू आहे, आणि संग्राहकांच्या लेखनात ती बहुधा येत नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याची जी सोय, ती बगदादच्या सरकारची मानहानी होती. स्वतःच्या शहरात परक्या राज्याचे तिकीट विकले जावे, परक्या शिक्क्याने रद्द व्हावे, आणि त्या थैलीला आपल्या अधिकाऱ्याने हात लावू नये, हे कोणत्या राज्यकर्त्याला रुचेल? उस्मानी टपालखात्याने या कचेऱ्यांविरुद्ध वेळोवेळी तक्रार केली, पण ती ऐकून घेण्याची कोणाला गरज भासली नाही. असाच प्रकार आपल्या शेजारी गोव्यात झाला होता. पोर्तुगीज अमदानीत तेथे इंग्रजी हिंदुस्थानची टपालव्यवस्था होती. १८७१ साली पोर्तुगीज इंडियाची स्वतःची तिकिटे निघाली, तरी बाहेर जाणाऱ्या पत्रावर हिंदुस्थानचेही तिकीट लावावे लागे. दोन राज्यांची तिकिटे शेजारी शेजारी असलेली ती पाकिटे १८७७ पर्यंतची आहेत, आणि आज ती फार दुर्मिळ समजली जातात. हिंदुस्थानचे टपालखाते हे हिंदुस्थानच्या लोकांचे नव्हते, ते साम्राज्याचे होते. त्या खात्याने परमुलखात घेतलेल्या जागेचे श्रेय किंवा अपश्रेय येथील लोकांकडे जात नाही. सोय मात्र येथील व्यापाऱ्यांनी मनसोक्त वापरली.

बसरा आणि बगदादच्या कचेऱ्या सेहेचाळीस वर्षे चालल्या. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले आणि सप्टेंबरमध्ये तुर्की सरकारने परक्यांच्या सर्व सवलती रद्द केल्याचे जाहीर केले. १ ऑक्टोबर ही अंमलाची तारीख होती. त्यामुळे ३० सप्टेंबर १९१४ हा हिंदुस्थानी शिक्क्याचा तेथील अखेरचा दिवस ठरला. त्या दिवसाच्या तारखेचे पाकीट मिळावे ही या शाखेतील अनेकांची इच्छा असते आणि ती बहुतेकांची अपुरी राहते.

पाच आठवड्यांनी, ६ नोव्हेंबरला, पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी फाव येथे उतरली. त्याच महिन्यात बसरा पडले. जेथे मुंबईच्या पेढ्यांची पत्रे पोहोचत होती तेथे आता फौजेचे टपाल उघडले, आणि त्याची तिकिटे पुन्हा हिंदुस्थानचीच होती. पंचम जॉर्जच्या तिकिटांवर इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्सची आद्याक्षरे 'आय. ई. एफ.' छापलेली. या फौजेत मराठा पलटणी होत्या. १०३ व ११० क्रमांकांच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी झालेल्या शरणागतीत उरलेले सर्व कैद झाले. सातारा-रत्नागिरीकडच्या घरांत मेसोपोटेमियाहून आलेली त्यांची पत्रे, सेन्सॉरच्या शिक्क्यासह, एखाद्या ट्रंकेच्या तळाशी असण्याचा संभव आहे. मोत्यांच्या हिशेबाच्या पत्रांहून त्यांचे मोल निराळे आहे, आणि ती कापू नयेत हे तर सांगायलाही नको.

मार्च १९१७ मध्ये इंग्रजी फौजा बगदादेत शिरल्या. तेथे सापडलेल्या थोड्याशा तुर्की तिकिटांवर 'बगदाद इन ब्रिटिश ऑक्युपेशन' अशी अक्षरे आणि पाव आण्यापासून दोन आण्यांपर्यंत किमती छापून ती सप्टेंबरात विक्रीस ठेवली गेली. फार थोडी छापल्यामुळे ती आज श्रीमंतांच्या संग्रहातच दिसतात, आणि नकला सर्वत्र दिसतात. पुढल्या वर्षी तुर्कस्तानसाठी लंडनमध्ये छापलेल्या चित्रमय तिकिटांवर 'इराक इन ब्रिटिश ऑक्युपेशन' आले. चित्र इस्तंबूलचे, हुकमत इंग्रजांची आणि किंमत आणे-रुपयांत. १९२३ साली इराकची स्वतःच्या चित्रांची तिकिटे निघाली, तीही आणे-रुपयांतच. मधल्या काळात जपानच्या कृत्रिम मोत्यांनी आणि जागतिक मंदीने आखातातील मोत्यांचा बाजार बसला. काही जवाहिरी पेढ्या हिऱ्यांकडे वळल्या, काही मिटल्या, आणि त्यांची दप्तरे कोठे गेली याची नोंद कोणी ठेवली नाही. बगदादच्या तिकिटावरचा आणा मात्र त्यानंतरही टिकून होता. १९३२ साली इराकने दिनार आणि फिल्स ही नवी नाणी सुरू केली, तेव्हा नवी तिकिटे तयार होईपर्यंत जुन्याच तिकिटांवर फिल्सची किंमत वरून छापण्यात आली.